सटवाजी वकील आणि वाऱ्याचा दावा

सटवाजी वकील कोर्टात उभे राहिले की आधी समोरच्याची बाजू मांडत.

मी काही उलटं लिहिलेलं नाही. हिंगोलीच्या कोर्टात ज्यांनी त्यांना पाहिलं, त्यांना हे ठाऊक आहे. वकीलपत्र आपल्या अशिलाचं, पण बोलायला सुरुवात विरुद्ध पक्षाकडून. तीही अशी, की समोरच्या वकिलाने मान डोलवत ऐकावं आणि आपल्या अशिलाने उपरण्याने घाम पुसावा. समोरच्याचं सगळं बोलून झालं की ते चष्मा काढत, काळ्या कोटाच्या टोकाने पुसत आणि म्हणत, "समोरच्याचं बी बराबर हाये. आता आमचं ऐका." मग आपणच मांडलेल्या एकेका मुद्द्याला उत्तर. समोरच्या वकिलाला बोलायला काही उरतच नसे.

पहिल्यांदा आलेल्या अशिलाचे मात्र हाल होत. कळमनुरीकडच्या एका शेतकऱ्याचा बांधाचा दावा होता. वकीलसाबांनी त्याच्या शेजाऱ्याची बाजू इतकी पोटतिडकीने मांडली की हा गडी मध्येच उठला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, द्या त्याला तो बांध. मला ठावं नव्हतं, त्याची एवढी तकलीफ व्हती." वकील फितल्याच्या गोष्टी सगळीकडे असतात. अशील फितल्याची ही एकच मला माहीत आहे. वकीलसाबांनी त्याला सदऱ्याला धरून खाली बसवलं. "थांब रे बाबा, तुझं यायचं हाये अजून." आणि दावा जिंकून दिला.

वकीलसाब गेले. परवा त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. जो तो त्यांच्याविषयी चांगलंच बोलला. मला सारखं वाटत होतं, आता मागच्या रांगेतून वकीलसाब उठतील, चष्मा पुसतील आणि म्हणतील, "हे समदं बराबर हाये. पण मयताच्या विरुद्ध कोणी बोलणार हाये का न्हाई?" मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि तसाच बसलो. शाळेत शिकवण्यात आणि पुस्तकं वाचण्यात माझा जन्म गेला, पण सभेत मला शब्द सापडत नाहीत. लिहिताना सापडतात, तेही हळूहळू.

आमची घरं एकमेकांना लागून. मधली भिंत एकच. आमच्या वस्तीतून काळा कोट अंगात घालणारा हा पहिला माणूस. त्यांच्या या सवयीचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं. "गुरुजी, माझ्या बापाला चावडीवर उभं केलं व्हतं. काय झालं, कसं झालं, कोणी इचारलंच न्हाई. मी बाजूला उभा व्हतो. तवाच ठरवलं, आपल्यासमोर कोणी बिनबाजूचं ऱ्हाऊ नये." मी त्यांना चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतला आणि चहा गार का झाला याबद्दल माझ्या बायकोची बाजू मांडली.

एकदा शेजारची शेळी माझं पुस्तक खाऊन गेली. चांगलं बांधलेलं, शाळेच्या वाचनालयातलं. मी रागाने शेळीच्या मालकाकडे निघालो, तर वकीलसाब आडवे आले. तिथेच रस्त्यात उभे राहून ते शेळीतर्फे बोलायला लागले. "शेळी म्हणते, गुरुजी, पाला कोणता अन् पुस्तक कोणतं, हे मला शिकवलं कोणी? तुमच्या शाळेत मला कधी घेतलं का?" भोवती माणसं जमली. शेळी पण येऊन उभी राहिली. शेवटी वाचनालयाला पुस्तक मी भरून दिलं. इतकंच नाही, पुढे कित्येक दिवस ती शेळी दिसली की मला ओशाळल्यासारखं होई.

आणि ते लग्न! वस्तीतल्या एका पोरीच्या लग्नात दोन शब्द बोला म्हणून कोणीतरी त्यांना उभं केलं. वकीलसाब म्हणाले, "आता नवरीनं या लग्नाला नकार काहून द्यावा, ते ऐका." मांडव गार पडला. पोरगी हुशार आहे, मास्तरीण व्हायचं म्हणते, सासरी गेल्यावर तिच्या हातातली पाटी सुटेल आणि खुरपं येईल. सासूला वाटेल सून आली, नवऱ्याला वाटेल बायको आली, पण मास्तरीण कुठं गेली, हे कोण विचारणार? नवरदेवाचा बाप पांढराफटक. शेवटी नवरदेवाची आईच ओरडली, "अवो वकीलसाब, बसा आता! शिकवतो आमी तिला! समद्या मांडवासमोर सांगते!" वकीलसाब लगेच म्हणाले, "मंग सासरच्यांचं बी बराबर हाये," आणि बसले. ती पोरगी आज माझ्याच शाळेत शिकवते.

असा माणूस बाहेरून पाहायला फार मोठा वाटतो. मला तो अजूनही मोठाच वाटतो. पण त्याच्या घरात राहायचं म्हणजे काय, ते वत्सलावहिनींनाच ठाऊक.

वहिनी साखरा गावापलीकडच्या माळावरच्या एका वस्तीतल्या. बोलायला कमी, कामाला वाघ. संसारातलं कोणतंही गाऱ्हाणं त्यांनी सांगितलं की वकीलसाब ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं त्याचे होत. भाजीवाल्याने कुजकी वांगी दिली, तर भाजीवाल्याचे. नणंद टोचून बोलली, तर नणंदेचे. वहिनी हसून माझ्या बायकोला म्हणत, "आमच्यात मी सोडून समद्यांना वकील हाये."

त्यांचं हसणं नळावर संपलं. आमच्या वस्तीला तेव्हा नळ नव्हता, अजूनही नाही. पलीकडच्या गल्लीतल्या नळावर जावं लागे. एके दिवशी तिथल्या एका बाईने वहिनींची भरलेली घागर बाजूला सारली. हाताने नाही, काठीने. हाताने सारली असती, तर ते नळावरचं रोजचं भांडण झालं असतं. वहिनी रिकाम्या हाताने घरी आल्या आणि त्यांनी नवऱ्याला झालेलं सांगितलं. मधली भिंत एकच असल्यामुळे पुढचं मी ऐकलं.

वकीलसाब म्हणाले, "त्या बाईला लहानपणापासून तेच शिकवलं, वत्सला. तिला येगळं कोणी सांगितलंच न्हाई. तिच्या जागी बसून बघ."

मग वहिनींचा आवाज आला, अगदी शांत. "समद्या दुनियेची बाजू तुमाला दिसते. या घरात एक बाई ऱ्हाते, तिची तेवढी दिसत न्हाई."

दुसऱ्या दिवशीच्या बसने त्या माहेरी भावाकडे गेल्या. परत आल्या नाहीत.

त्यानंतर संध्याकाळी भिंतीपलीकडून भांडणं ऐकू येऊ लागली. आधी मला वाटलं, वहिनी आल्या. पण दोन्ही आवाज वकीलसाबांचेच होते. स्वतःच्या हाताने भाकरी थापत ते वहिनींच्या बाजूने बोलत, मग आपल्या बाजूने, मग पुन्हा वहिनींच्या. मीठ कमी का पडलं, पाहुणे न सांगता का आणले, असली साधी भांडणं. प्रत्येक भांडणात ते हरत. हरले की म्हणत, "तुझं बराबर हाये," आणि जेवायला बसत. नळाचं भांडण मात्र त्यांनी कधी काढलं नाही.

वाऱ्याचा दावा आला तो या दिवसांत.

दुष्काळात वहिनींच्या माहेरच्या वस्तीने माळावर विहीर खोदली होती. पाणी लागलं, पण फार खोल. शेंदता शेंदता बायांच्या हाताची सालटं निघत. तिकडे परभणीकडची एक संस्था वाऱ्यावर पाणी उपसणारी चक्की बनवून पाहत होती. लोखंडी मनोरा, वर पात्यांचं मोठं चक्र आणि मागे दिशा धरणारी शेपटी. प्रयोग म्हणून एक चक्की या वस्तीला द्यायला ते तयार होते. पण मनोरा उभा राहणार गायरानावर, म्हणजे गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीवर. त्याला तहसिलीची परवानगी लागणार. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, परभणीतला तालुका होता, आणि अशी चक्की आमच्या भागात कोणी पाहिलेली नव्हती. वस्तीने अर्ज केला. गावातून हरकत आली.

गायरानाच्या भांडणात पडायला दुसरा वकील तयार होईना. मग एक दिवस वत्सलावहिनी वस्तीतल्या बायांना घेऊन हिंगोलीला आल्या आणि स्वतःच्या घराच्या ओसरीवर, अशील बसतात त्या बाकावर, अशिलासारख्या बसल्या. वकीलसाबांनी मला हाक मारली. कोणी महत्त्वाचं आलं की मला ते साक्षीदार म्हणून बसवत. साक्ष कशाची, ते कधीच सांगत नसत.

"बोला बाई," वकीलसाब म्हणाले.

"हरकत दाजीबामामाची हाये, वकीलसाब," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याला त्यांनी वकीलसाब म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. दाजीबा म्हणजे गावातला म्हातारा मेंढपाळ. थोडी शेती होती आणि त्याचं खळं माळाच्या खालच्या अंगाला होतं. "फाल्गुनात वारं मावळतीकडून येतं, विहिरीवरून त्याच्या खळ्यात. तो म्हणतो, वारं आधी चक्की खाईल, मंग उष्टं वारं माझ्या खळ्यात येईल. उष्ट्या वाऱ्यावर ज्वारी उपणायची कशी?"

"उष्टं वारं!" वकीलसाब बाकावरून उठलेच. चेहरा असा उजळला, की इतक्या दिवसांत मी पाहिला नव्हता. "काय मुद्दा हाये! भुसा उडायला ताजंच वारं लागतं की! दाजीबाचं—"

ते थांबले. वहिनी त्यांच्याकडे पाहत होत्या.

"बघा," वहिनी बायांना म्हणाल्या. "लागले दाजीबाकडून बोलायला." मग त्यांच्याकडे वळून, "माझी एकच अट हाये. समोरच्याची बाजू मांडायची न्हाई. आमचीच मांडायची."

"मला तसं येत न्हाई."

"मंग शिका," वहिनी म्हणाल्या आणि पदर सावरून उठल्या.

त्या दिवसापासून भिंतीपलीकडची भांडणं बंद झाली. संध्याकाळी फक्त भाकरी थापल्याचा आवाज येई.

नायब तहसीलदारांनी जागेवरच सुनावणी ठेवली. उपणणीचे दिवस होते. विहिरीशेजारच्या बाभळीखाली खुर्ची मांडली होती. एका बाजूला वस्ती, एका बाजूला गाव. सगळे समोरासमोर उभे असताना शिपायाने रीत म्हणून चारी दिशांना तोंड करून पुकारा केला, "अर्जदार हाजिर हो!" दूरवर चरणाऱ्या मेंढरांनी माना वर केल्या.

दाजीबाचा वकील तरुण होता आणि रिकाम्या हाताने आला होता. मी विचारलं, "कागद नाही आणले?" तो हसला. "सटवाजीराव आहेत की."

सटवाजीराव उभे राहिले. वारं चांगलं सुटलं होतं. काळा कोट फडफडत होता. खाली दाजीबाच्या खळ्यावर उंच तिपाईवर उभा राहून त्याचा लेक सूप हलवत होता, दाणे सरळ खाली पडत होते आणि भुसा सोन्याच्या धुरासारखा वाहत होता. एरवी नुसतं ते दाखवून वकीलसाबांनी माणसांना रडवलं असतं. त्यांनी तिकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली.

"साहेब," ते म्हणाले. मग थांबले. चष्मा काढून पुसला. "माझी अशील..." पुन्हा थांबले. उभ्या आयुष्यात त्यांना शब्द शोधताना मी पाहिलं नव्हतं. गावाकडचं कोणीतरी हसलं.

"बोला, वकीलसाहेब," नायब तहसीलदार म्हणाले.

"साहेब, ती काठी चुकीची व्हती."

नायब तहसीलदारांनी कागद चाळले. "कोणती काठी? अर्जात काठी कुठे आहे?"

"न्हाई साहेब. घ्यायला पाहिजे व्हती. मी घेतली न्हाई. लई दिवस झाले त्याला. माझ्या अशिलाची भरलेली घागर नळावरून काठीनं सारली. त्या काठीपायी ही बाई इथं येऊन पाणी शेंदते."

"बरं. पण तिचा या चक्कीशी संबंध काय?"

"समद्या गोष्टींना दुसरी बाजू असते, साहेब. त्या काठीला न्हाई. मी लई शोधली. न्हाई."

एवढं बोलून ते खाली बसले. काळ्या कोटानिशी मातीत बसले.

माळावर नुसता वारा वाहत होता. मी वहिनींकडे पाहण्याचं धाडस केलं नाही.

नायब तहसीलदार बिचारे दाजीबाच्या वकिलाकडे वळले. "तुमचं काय?"

तो उठला. हात खिशाकडे गेला, पण तिथे काही नव्हतं. "साहेब, माझे विद्वान मित्र आधी आमची बाजू मांडतात. म्हणजे नेहमी. आज त्यांनी..."

"तुमची बाजू त्यांनी मांडायची होती?"

"तसा रिवाज आहे, साहेब."

"अहो, मग आता कोण बोलणार? मी बोलू?"

तेव्हा वत्सलावहिनी पुढे आल्या. डोळे ओले होते, आवाज कोरडा. "मी बोलते साहेब. दाजीबामामाचं बराबर हाये."

"अगं वत्सले!" मागून वस्तीतली एक बाई किंचाळली. "तुला बी लागण झाली काय त्यांची?"

"गप गं. मी याच खळ्यावर उपणत ल्हानाची मोठी झाले. रास पडलेली असते, आभाळ भरून येतं अन् वारं पडतं. त्या वक्ताला कोणी मधी उभं ऱ्हायलं तरी माणूस शिव्या देतो. मंग एवढं लोखंडाचं चाक त्यानं काहून सोसावं? म्हणून साहेब, असं करा. उपणणीच्या दिवसांत चक्की बांधून ठेवायची. शेपटी दोरीनं ओढली की चाक वाऱ्याकडून तोंड फिरवतं म्हणतेत. ती दोरी मामाच्या हातात द्या. तेवढे दिवस आमी हातानं शेंदू. खळं उरकलं की मामानं सोडायची."

दाजीबाने डोळे बारीक केले. "अन् मी न्हाई सोडली तर?"

"तुमची मेंढरं दुष्काळात कोणाच्या विहिरीवर जगली, मामा?"

दोन्हीकडून हशा उठला. दाजीबाने पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पागोटं पुन्हा ठेवलं. "बाईचं बराबर हाये," तो म्हणाला. "लिवा साहेब."

मी वकीलसाबांकडे पाहिलं. ते मातीतच बसले होते आणि वहिनींकडे पाहत होते. ते बोलत असताना लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसे, ते आज त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

परवानगी त्या अटीसह मिळाली. पावसाळ्याआधी चक्की उभी राहिली. पहिल्यांदा दोरी सोडली तेव्हा चक्राने हळूच वाऱ्याकडे तोंड केलं, एक पातं हललं, दुसरं हललं, आणि मग सगळी पाती मिसळून नुसता चकाकणारा गोल झाला. दाजीबाने हात जोडले. कशाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वकीलसाबांनी वहिनींना घरी चला म्हणून एकदाच विचारलं. वहिनी म्हणाल्या, "नळ तोच हाये ना अजून?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही. सुट्टी आली की ते स्वतःच साखऱ्याच्या बसमध्ये बसत. चक्कीखाली दाजीबाशेजारी बसून पाणी कोसळताना ऐकत आणि सुट्टी सरली की परत येत. कोर्टात ते पूर्वीसारखेच समोरच्याची बाजू मांडत राहिले. पण आता अशील घाबरला की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "तुझी इसरलो न्हाई."

या पावसाळ्यात ते गेले. झोपेत गेले, कोणालाही तकलीफ न देता. वहिनी आल्या, सगळं होईपर्यंत त्या घरात राहिल्या. नळावर गेल्या नाहीत, पाणी माझ्या बायकोने भरलं. पुण्यानुमोदन झाल्यावर त्यांना पोचवायला मी साखऱ्याला गेलो.

माळावर चढलो तेव्हा वारा जोरात होता, पण चक्की बंद होती. चक्राने वाऱ्याकडून तोंड फिरवलेलं, शेपटी ओढून बांधलेली. उपणणीचे दिवस तर नव्हते. विहिरीवर बाया हाताने पाणी शेंदत होत्या आणि मनोऱ्याच्या पायाशी दाजीबा बसला होता.

"काहून बांधली, मामा?" वहिनींनी विचारलं.

"वकीलसाब गेले," दाजीबा म्हणाला. "कळलं त्या दिवशीच बांधली. फिरताना बघवंना."

"अन् बायांनी काही म्हणलं न्हाई?"

"कोणी काही म्हणलं न्हाई."

वहिनी उभ्या राहिल्या. शेंदणाऱ्या बाया थांबल्या होत्या. इतके दिवस वहिनींनी डोळ्याला पदर लावला नव्हता. तो लावला, खाली घेतला.

"तुमचं बराबर हाये, मामा," त्या म्हणाल्या. "पण पाण्याचं बी ऐका."

दाजीबाने दोरीची गाठ त्यांच्याकडे केली. "तूच सोड, बाई. माझ्यानं व्हत न्हाई."

गाठ पावसाने आवळली होती. वहिनींनी ती दातांनी सैल केली. चक्र कुरकुरलं, वाऱ्याकडे वळलं, फिरायला लागलं. विहीर खोल आहे, पाणी वर यायला वेळ लागतो. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो.